सोलापुरात नाईटक्लब नव्हता, मग आपण डिस्को नाचलो कुठं?

धोटा_फणी
मंडळी नमस्कार. वर्षभरानं लिहितोय पण विषय असा डोक्यात बसलाय की लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. मागच्या शनिवारी पुण्याला लेकीकडं होतो. ती आणि तिच्या मैत्रिणी मला एका क्लबात घेऊन गेल्या, जुन्या गाण्यांची रात्र होती तिथं. मनगटाला कागदी पट्टा बांधला, आत काळोख आणि छातीत बसेल असा ठोका. सत्तावन्न वर्षांचा झालो, नाईटक्लब पहिल्यांदा बघितला. पहिली दहा मिनिटं भिंतीला टेकून उभा होतो. मग कुर्बानीतलं नाझिया हसनचं गाणं लागलं, १९८० चं, आणि मी मधे कधी गेलो ते मलाच कळलं नाही. गुडघा, खांदा, बोट वर, सगळं आपोआप यायला लागलं. लेक बघतच राहिली. परत येताना रिक्षात म्हणाली, पप्पा हे तुम्ही कुठं शिकलात, सोलापुरात तर तेव्हा काहीच नव्हतं की.

मी म्हणलं ऐक आता. १९८३, मी दहावीला. डिस्को डान्सर मुंबईत ८२ च्या डिसेंबरात लागला आणि मग आपल्याकडं आला, खालच्या क्लासचं तिकीट काढून आम्ही तिघं मित्र परत परत बघायला जायचो. वाटून घेतलं होतं, एकानं फक्त मिथुनचे पाय बघायचे, एकानं हात, आणि मी कंबर आणि मान. पिक्चर सुटला की साखर पेठेपर्यंत चालत यायचं आणि वाटेत आपापलं जोडायचं. विसरलं तर दुसऱ्या दिवशी परत तिकीट. तेव्हा घरात टीव्ही नाही, व्हिडिओ नाही, एकदा हुकलं की हुकलंच.

आणि तालीम कुठं, तर आमच्या कारखान्यात. आठ माग होते, टॉवेलचे. बाहेरच्या लोकांना नुसता खडखडाट ऐकू येतो पण मागाजवळ वाढलेल्याला त्यात ताल असतो. धोटा म्हणजे आडवं सूत नेणारा, फणी म्हणजे ते ठोकून बसवणारी. धोटा इकडून तिकडं, फणी आपटली, धोटा तिकडून इकडं, फणी आपटली. मिनिटाला शंभर सव्वाशे वेळा, एक ठोका कमी नाही एक जास्त नाही. डिस्कोचा ठोकापण साधारण तेवढाच असतो हे मला फार उशिरा कळलं, पण पायाला तेव्हाच कळलं होतं. आम्ही कॅसेट न लावता चालू मागावर नाचायचो. वडील सुताचा हिशोब करत बसलेले असायचे, एकदा वर बघून म्हणाले, सुताची कांडी संपली तिकडं, नाचत नाचत बदला. बदलली.

गणपतीत आमच्या मंडळाची डिस्को स्पर्धा असायची. लाइट आम्हीच बनवायचो. जुन्या टेबल फॅनची जाळी काढायची, पुठ्ठ्याची गोल चकती करून तिला चार खिडक्या कापायच्या, लाल हिरवा निळा पिवळा जिलेटीन पेपर चिकटवायचा, मागं दोनशेचा बल्ब आणि फॅन एक नंबरवर. अख्खी गल्ली रंग बदलायची. म्हाताऱ्या बायका खाटा बाहेर टाकून बसायच्या. मला दुसरं बक्षीस मिळालेलं, स्टीलचा डबा, अजून आहे घरी, शेंगाचटणी त्यातच असते.

तर सांगा मंडळी. तुम्ही कुठं नाचलात? तुमचे आईवडील? पोरं? सोलापूरचं सांगा, बाहेर गेला असाल तर तिथलंपण सांगा.


गॅलरीतून
धोटा_फणी दादा, वाचून अंगावर काटा आला. कारण तुम्ही रस्त्यावर नाचत होतात तेव्हा मी वर होते. बाळीवेशीत आमच्या घराला लाकडी गॅलरी, गणपतीचे दहा दिवस आम्ही सगळ्या बहिणी चुलतबहिणी कठड्याला लटकून खाली बघायचो. खाली पोरं नाचतायत, घामानं शर्ट चिकटलेत, आणि वर आम्ही हात घट्ट धरून उभ्या, कारण हात सोडले तर हात हलायला लागतील आणि आई बघेल.

मुली नाचायच्याच नाहीत असं नव्हतं. मंगळागौरीत फुगड्या झिम्मा सगळं व्हायचं, पण दार बंद करून, बायकाबायकांत. डिस्को त्यात कुठंच बसत नव्हता. तरी आम्ही जागा काढली. आमच्या वाड्याला माळवद होतं, तिथं उन्हाळ्यात रात्री झोपायला जायचो. मोठ्यांचा डोळा लागला की बहीण ट्रान्झिस्टर पांघरुणात घेऊन अगदी बारीक आवाजात लावायची आणि आम्ही अनवाणी, पायाचा आवाज होऊ नये म्हणून गोधड्या पसरून त्यावर नाचायचो. गोधडीवर पाय घसरतो, म्हणून आमच्या सगळ्या स्टेप घसरण्याच्याच होत्या. चार मुली, चांदणं, आणि कुणीही एक शब्द बोलत नाही. मला आजही डिस्को म्हटलं की मोठा आवाज नाही आठवत, ती शांतता आठवते.

नाझियाचं तुम्ही लिहिलंत ना, ते गाणं तिनं म्हटलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पंधरा! मी बाराची. लताबाई आशाबाई म्हणजे देव, पण देवासारखं गाता येत नाही. ही मुलगी शाळेतल्या मुलीच्या आवाजात गात होती, नाकातून, सरळ, हरकती नाहीत काही नाही. मला पहिल्यांदा वाटलं की हे मीपण म्हणू शकेन. १९८१ ला तिला त्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं तेव्हा आमच्यापैकीच कुणाला मिळाल्यासारखं झालं होतं. २००० साली ती गेली, फक्त ३५ वर्षांची. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात काम थांबवून नुसती उभी होते बराच वेळ.

लोकांसमोर पहिल्यांदा नाचले ती लग्नानंतर, मुंबईत, यांच्या ऑफिसच्या पार्टीत, १९९१. हॉटेलात खालून दिवे लागणारी काचेची फरशी होती. सगळ्या बायका खुर्च्यांवर बसून होत्या. हे मला म्हणाले, जायचंय का तुला? एवढंच विचारलं. मी चपला काढल्या आणि गेले. साडीत नाचले, पदर खोचून, अनवाणी, आणि पाय परत तसेच घसरवत. त्या माळवदावर जे अर्धं राहिलं होतं ते त्या रात्री पूर्ण झालं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.


नवीपेठ_कॅसेट
दोघांचंही वाचलं. माझं वय आता बहात्तर, आणि १९७९ ते ९६ नवी पेठेत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, त्यामुळे या धाग्यात मला बोललंच पाहिजे. धोटा_फणी, तुमच्या मंडळाची कॅसेट बहुतेक मीच भरलेली असणार हो.

तरुण पोरांसाठी सांगतो, लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे. साठ मिनिटांची की नव्वदची ते ठरायचं, आणि मी एलपी रेकॉर्डवरून नाहीतर दुसऱ्या कॅसेटवरून एकेक गाणं भरायचो. साठ मिनिटांचं भरायला साठ मिनिटंच लागायची. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मी दुकानातच झोपायचो. बाजू संपताना गाणं मधेच तुटू नये म्हणून सेकंद मोजून गाणी बसवायची, ही खरी कला होती.

माल आणायला मुंबईला जायचो, रात्रीच्या गाडीनं. सकाळी उतरून काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये. तिथं उभ्या उभ्या एलपी ऐकता यायच्या. ते दुकान २०१६ ला बंद झालं तेव्हा फार वाईट वाटलं. बोनी एम या परदेशी डिस्को बँडची एलपी तिथूनच आणली, सोलापुरात ती इतकी चालली की इंग्रजीचा एक शब्द न येणारी माणसं रास्पुतिनची मागणी करायची, आणि हा रास्पुतिन कोण म्हणून मलाच विचारायची. मी वाचनालयात जाऊन पुस्तकात बघून आलो, मग गिऱ्हाइकांना सांगायचो, रशियाच्या राणीच्या दरबारातला साधू.

आता मुद्द्याचं. डिस्को म्हणजे नक्की काय, तर ठोका. आपल्या फिल्मी गाण्यात ढोलक तबला असतो, ठोका एक जोरात एक हलका, मधे लचक. डिस्कोत ड्रमवाला पायानं मोठा ड्रम प्रत्येक मात्रेला वाजवतो, चारही मात्रा सारख्या, आणि दोन मात्रांच्या मधे झांज उघडमीट करते, ट्स ट्स. फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग नावाच्या ड्रमरनं ही चाल ७३ च्या आसपास बसवली. चारही ठोके सारखे असल्यामुळे सम कुठं आहे ते शोधावं लागत नाही. कुणीही, कुठूनही सुरू करावं. म्हणून न शिकलेला माणूस नाचू शकतो. मला वाटतं डिस्को गावोगावी पोचायचं खरं कारण हेच आहे, कपडे आणि लाइट नंतर.

आणि दुसरं, नाझियाच्या त्या गाण्याचा संगीतकार बिद्दू, हा मूळ बंगळूरचा. लंडनला जाऊन १९७४ मध्ये कुंग फू फायटिंग हे गाणं त्यानं केलं, जगभर गाजलं ते. म्हणजे डिस्को परदेशातून आला असं आपण म्हणतो, पण त्या परदेशात आधीच आपल्या शेजारच्या राज्यातला माणूस बसला होता. सोलापुरातून बंगळूरला थेट रेल्वे जाते, मला ते फार जवळचं वाटायचं.

आपल्या इथल्या ऑर्केस्ट्रावाल्यांची मात्र फार दमछाक व्हायची. चारही ठोके सारखे, पाच पाच मिनिटं, न घाई न ढिलाई, हे माणसाला अवघड असतं. एक ड्रमर पोरगा माझ्याकडं यायचा, मी त्याला हेडफोन लावून द्यायचो आणि तो तासभर मांडीवर वाजवत बसायचा. त्यानं पुढं बँडवर आयुष्य काढलं.


धोटा_फणी
कॅसेट काका, निळ्या पाटीचं दुकान का? पायरीवर बसून आम्ही आमचा नंबर लागायची वाट बघायचो! आणि तुम्ही ठोक्याचं जे सांगितलंत ते मागाचंच वर्णन आहे की. फणीचापण प्रत्येक ठोका सारखाच असतो, एक जरी हलका बसला तर कापडात पट्टा दिसतो.

गॅलरीतून ताई, खरं सांगतो, आम्ही खाली नाचताना वर बघायचो. पण तुम्हालाही नाचायचं असेल हे कधी डोक्यातसुद्धा आलं नाही. लेकीला काल तुमची पोस्ट वाचून दाखवली, ती गप्पच झाली.


लेझीम_पथक
सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं बोलतो. सोलापूरची ओळख लेझीम आहे. मिरवणुकीत शंभर दोनशे पोरं एका तालात, एक चूक नाही, दोन दोन महिने आधीपासून रात्री सराव. मी स्वतः चाळीस वर्षं पथकात काढली. डिस्को आला, मग कॅसेट, मग ट्रकवर स्पीकरच्या भिंती, आणि आता जे चाललंय त्याला नाचणं म्हणवत नाही. आमच्या घरी पेशंट आहे, बायपास झालेली. मिरवणूक जाताना खिडकीच्या काचा थरथरतात आणि आम्ही तिला मागच्या खोलीत नेऊन कान झाकून बसतो. २००० सालचा नियम आहे, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर स्पीकर बंद. कोण मोजतं? तुमच्या आठवणी गोड आहेत, पण हे सगळं तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं, आणि त्याचं मला दुःख आहे.


नवीपेठ_कॅसेट
लेझीम_पथक भाऊ, तुमचं दुःख शंभर टक्के खरं आहे. वहिनींना लवकर आराम पडो. पण दोष ठोक्याचा नाही, आवाजाचा आहे. माझ्या दुकानातला स्पीकर पाटीएवढा होता आणि अख्खी नवी पेठ त्यावर डुलायची. मिरवणुकीतल्या भिंतीसमोर उभं राहिलात तर ठोका ऐकूच येत नाही, नुसती थरथर. ज्याला गाणं कळतं तो ते इतकं मोठं लावूच शकत नाही.


जुळेसोलापूर_बंगळूर
नमस्कार सगळ्यांना, मी या धाग्यात सगळ्यात लहान असेन बहुतेक, वय २७, बंगळूरला नोकरी. आजोबा मिलमध्ये होते, वडील एलआयसीत, आणि मी दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी क्लबमध्ये जातो, तिथं डिस्कोच वाजतो, नवा आणि जुना दोन्ही.

मला थोडा इतिहास सांगायचाय कारण तो कळल्यावर माझं नाचणंच बदललं. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली डेव्हिड मंकूसो नावाच्या माणसानं स्वतःच्या राहत्या जागेत पार्ट्या सुरू केल्या. जागा म्हणजे जुनं गोदाम, म्हणून नाव द लॉफ्ट. दारू विकायची नाही, ओळखीच्यांनाच बोलावणं, आणि आवाज मोठा नाही तर स्वच्छ पाहिजे म्हणून तो हट्टाला पेटायचा, कॅसेट काका तुम्ही म्हणालात अगदी तेच. तिथं येणारे कोण, तर कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी पोरं, ज्यांना बाकीच्या शहरात एकमेकांसोबत नाचणं धोक्याचं होतं, पोलीस धाड टाकायचे. डिस्को तिथल्या लोकांनी वाढवला. स्टुडिओ ५४ नावाचा क्लब, झगमगाट, हिरोहिरॉइनी हे सगळं १९७७ ला, म्हणजे सात वर्षांनी. आणि त्याच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पोरांवरचा तो ट्रॅव्होल्टाचा पिक्चर, सॅटर्डे नाईट फीवर, तोपण ७७ च्याच डिसेंबरात.

मग १२ जुलै १९७९ ला शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर दोन मॅचच्या मधे डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग करून स्फोटानं उडवला. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरी मॅच रद्दच झाली. अमेरिकेत डिस्को संपला असं तिथं जाहीर झालं. आणि तारखा बघा, बरोबर पुढच्या वर्षी आपल्याकडं कुर्बानी, कर्ज, आणि ८२ ला डिस्को डान्सर. तिकडं जाळत होते तेव्हा साखर पेठेत काका टेबल फॅनला जिलेटीन चिकटवायच्या तयारीत होते! तिकडंही तो मेला नाहीच, त्याच शिकागोत वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स वाजवत राहिला, तिथून जे निघालं त्याला हाऊस म्हणतात, आणि मी शुक्रवारी जे नाचतो ते तेच.

गॅलरीतून मावशी, तुमची पोस्ट वाचताना मला द लॉफ्टच आठवलं. बाहेर नाचता येत नाही म्हणून आपली जागा आपण करायची, ओळखीच्यांतच, आवाज कमी. तुम्हाला न्यूयॉर्कचं नावही तेव्हा माहीत नसेल आणि तुम्ही गोधडीवर अगदी तेच करत होतात.

आणि लेझीम_पथक आजोबा, माझे आजोबा लेझीम खेळायचे. लहानपणी त्यांनी मला चार आकडे शिकवले, एक दोन तीन चार, एकला वाकायचं, तीनला उठायचं. क्लबात पहिल्यांदा गेलो तेव्हा काय करायचं कळेना, लाज वाटत होती, आणि मग मी मनात एक दोन तीन चार म्हणायला लागलो आणि बसलं की. बंगळूरच्या त्या फ्लोअरवर मी लेझीमच खेळत होतो हातात लेझीम नसताना. शेजारचा केरळचा मुलगा म्हणाला, ही स्टेप शिकव. शिकवली. आता आमचा सहा जणांचा ग्रुप ती करतो. तेव्हा तुमचं काही संपलेलं नाहीये हो.


तेंदूपत्ता
मी फारशी लिहीत नाही. आमचं घर अशोक चौकाच्या पुढं, तेलुगू घर. अम्मा विड्या वळायची. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे हात थांबवता यायचे नाहीत. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू, वळली, दोऱ्याचा वेढा, पुढची. सूप मांडीवर. सात आठ बायका आमच्या ओसरीवर बसायच्या आणि रेडिओ मधोमध. विविधभारतीवर संथ गाणं लागलं की हात हळू चालायचे, आणि असलं ठोक्याचं लागलं की सगळ्यांचे हात एकदम पळायला लागायचे. अम्मा म्हणायची हे गाणं शंभर विड्यांचं आहे. बप्पीदांचं नाव तिला कधी कळलं नाही, पण त्यांची गाणी तिला विड्यांवर मोजून माहीत होती. ते २०२२ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा टीव्हीवर गाणी चालू होती, अम्माची बोटं मांडीवर हलत होती. आता ती विड्या वळत नाही, नजर गेलीय.

तिचं नाचणं म्हणजे तेवढंच, बोटांचं. पण ते नाचणंच होतं, मला कुणी नाही म्हणू नये.


मिरर_बॉल
तेंदूपत्ता अक्का, कोण नाही म्हणेल? मी तर आयुष्यात कधी फ्लोअरवर नाचलो नाही तरी डिस्कोतच वाढलो. ऐका.

मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. १९७८ ला सोलापूर सोडून मुंबईला गेलो, एका मोठ्या हॉटेलात मेंटेनन्सला लागलो, सहा वर्षं होतो. हॉटेलात डिस्कोथेक होतं. तेव्हा मुंबईत अशा जागा बोटावर मोजण्याइतक्याच, ताजमधलं ब्लो अप सगळ्यांना माहीत, बाकी मोठमोठ्या हॉटेलांत. आत जायचं तर मेंबरशिप नाहीतर ओळख, आणि जोडी पाहिजे. आपल्या सोलापूरची दोन पोरं एकदा मला भेटायला आली, चांगले इस्त्रीचे कपडे घालून, त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी आत शिडीवर होतो, मला दिसत होतं, काही करता आलं नाही. ते अजून लागतं मनाला.

माझं काम लाइटचं. तो आरशाचा गोळा असतो ना, त्यात स्वतःचा दिवा नसतो हे बऱ्याच जणांना माहीत नाही. थर्माकोल नाहीतर फायबरचा गोळा, त्यावर नखाएवढे आरशाचे चौकोन चिकटवलेले, वर बारीक मोटर, मिनिटाला एक दोनच फेरे. आणि लांबून एका बारीक झोताचा दिवा बरोबर त्याच्यावर मारायचा. झोत जाड झाला की भिंतीवरचे ठिपके पसरट होतात, मजा जाते. मी दर सोमवारी शिडीवर चढून एकेक आरसा मऊ फडक्यानं पुसायचो. सोलापुरी टॉवेलचाच तुकडा ठेवला होता त्याला, घरून नेलेला.

आणि रोज दुपारी चार वाजता साउंड बघायची वेळ. हॉल रिकामा, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. डीजे रेकॉर्ड लावायचा, मी लाइट लावायचो, आणि मग किचनमधनं पोरं यायची, हाउसकीपिंगच्या बाया यायच्या, वॉचमन यायचा. पंधरा मिनिटं. बारा इंची रेकॉर्ड असायच्या, एका बाजूला एकच गाणं, त्यामुळे खाच रुंद आणि आवाज असा भरदार की पोटात जायचा. डोना समर या अमेरिकन गायिकेचं ७७ चं ते सगळं मशीनवर केलेलं गाणं लागलं की कुणी बोलायचं नाही. एप्रन लावलेली, हातात झाडू असलेली माणसं त्या ठिपक्यांखाली नाचायची. रात्री तिथं मोठमोठे लोक येऊन गेले, मला एकाचंही नाचणं आठवत नाही. ती चारची पंधरा मिनिटं सगळी आठवतात. मी मात्र लाइटपाशीच असायचो, कुणीतरी लाइटवर लागतोच.


लेझीम_पथक
मिरर बॉल, तुम्ही आयटीआय विजापूर रोडचं का? मग आपण आगेमागेच असू.

जुळेसोलापूरच्या पोराची पोस्ट घरी वाचून दाखवली. बायको म्हणाली की चारचे आकडे तूपण आपल्या पोरांना असेच शिकवले होतेस, स्वयंपाकघरात. मी विसरलो होतो. माझं आवाजाबद्दलचं मत तेच आहे. पण डिस्कोबद्दल जे लिहिलं ते मागं घेतो.


गॅलरीतून
तेंदूपत्ता ताई, तुमच्या अम्माला माझा नमस्कार सांगा. शंभर विड्यांचं गाणं हे मी आता कधीच विसरणार नाही.

माझ्या मुलीचं एक सांगते. ती मुंबईत वाढली, क्लब तिला नवीन नाहीत. पण ती म्हणते, आई, मी नाचताना निम्मं लक्ष माझ्या ग्लासवर आणि मागं कोण उभं आहे त्यावर असतं, मैत्रिणी गोल करून नाचतो आम्ही, पाठी बाहेर ठेवून. मला वाटलं होतं गॅलरी संपली. संपली नाही, खाली आलीय फक्त. पोरांनो, तुम्ही क्लबात जाता तेव्हा हे ध्यानात ठेवा एवढंच मागणं आहे, त्या गोलाला जागा द्या.


जुळेसोलापूर_बंगळूर
मावशी, ठेवीन. ग्रुपलापण वाचायला दिलं.


धोटा_फणी
दोन दिवस विचार करून लिहितोय. आमचे आठ माग २०१९ ला भंगारात गेले. वजनावर. कारखान्याची जागा तशीच आहे, पत्रे, मधले खांब, जमिनीत मागाचे बोल्ट अजून वर आलेले. मी तिकडं जायचं टाळतो, कारण आत गेलं की शांतता कानात दुखते. लेकीनं हा धागा वाचला आणि म्हणाली, पप्पा, ते गोदाम की हो, द लॉफ्ट. दिवाळीत आले की आपण तिथं गाणी लावू.

तर ठरलंय. दिवाळीनंतरचा पहिला रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ, नऊ म्हणजे नऊला बंद, आणि आवाज कारखान्याच्या दारापर्यंतच, हे लेझीम काकांना शब्द देतो. दारू नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, ताक. कुणीही या, एकटे या, जोडीनं या, बायकामाणसं आधी. बोल्ट मी कापून घेतो म्हणजे पायाला लागणार नाहीत. काकांनी कॅसेट आणाव्यात, डेक माझ्याकडं चालू आहे, बेल्ट नवीन टाकलाय. तेंदूपत्ता ताई, अम्मांना आणा, खुर्ची आणि रेडिओ मी ठेवतो.

टेबल फॅनपण सापडला माळ्यावर. चकती नवी करायला लागेल. जिलेटीन पेपर आता कुठं मिळतो सोलापुरात?


मिरर_बॉल
मधल्या मारुतीपाशी सजावटीच्या दुकानांत बघा. मी काल तिकडूनच आलो, लाल, हिरवा, निळा होता, पिवळा संपलाय म्हणाले. पिवळ्याच्या जागी नारिंगी चालेल, फक्त बल्ब दोनशेचा नको, एलईडी लावा म्हणजे पेपर जळत नाही. आणि लाइटवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा बरं का यावेळी.


लेझीम_पथक
लाइटवर मी बसतो.